मॉन्गूसमध्ये गूस आला कुठून?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. तिने इंग्लिशच्या निबंधात दोन मुंगसांसाठी ‘टू मॉन्गीस’ असं लिहिलं आणि बाईंनी लाल पेनाने ते खोडून ‘मॉन्गूसेस’ केलं. तिचं म्हणणं, गूसचं गीस होतं मग मॉन्गूसचं मॉन्गीस का नाही? मला काही सांगता येईना. आणि मुळात मुंगसाच्या स्पेलिंगमध्ये हा गूस पक्षी शिरला कसा? हा शब्द मराठीतूनच तिकडे गेलाय असं कुठेतरी ऐकलं होतं, ते खरं आहे का?

उत्तर : बाईंनी केलेली दुरुस्ती बरोबर आहे, पण मुलीला आधी शाबासकी द्या, कारण तिने पाठ केलेलं न लिहिता नियम लावून बघितला आणि तिच्यासारखा विचार करणारे इतके लोक आहेत की मेरियम-वेब्स्टरसारख्या अमेरिकन डिक्शनरीने मॉन्गूसेसच्या मागे ‘मॉन्गीस’ पण देऊन ठेवलंय. तरी परीक्षेत मॉन्गूसेसच लिहायचं, त्याला कोणी हरकत घेणार नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण सगळं उत्तर त्यातच आहे. हो, शब्द आपलाच. मुंगूस. बहुतेक इंग्लिश डिक्शनऱ्या मॉन्गूसचं मूळ म्हणून मराठीचं नाव देतात, काही जण कोकणीचं पण घेतात, आणि तो मधे पोर्तुगीजांच्या तोंडून गेला असावा असंही काही ठिकाणी म्हटलंय. पण आपणही तो एकट्याचा म्हणून मिरवू नये, कारण तेलुगूत मुंगिस आहे, कन्नडमध्ये मुंगुसी आहे, म्हणजे हा शब्द दख्खनचा आणि बहुधा मूळचा द्राविडी. उत्तरेकडे गेलात की तो गायबच होतो, तिथे संस्कृत नकुलवरून आलेलं नेवला, गुजरातीत नोळियो, आणि खाली तमिळ-मल्याळममध्ये वेगळंच, कीरी. म्हणजे इंग्रजांनी हा प्राणी पहिल्यांदा दिल्ली-आग्र्याकडे बघून त्याचं नाव विचारलं असतं तर आज जगभर नेवलासारखं काहीतरी चाललं असतं. नाव मुंगूस पडलं यावरूनच कळतं की विचारणारा आपल्या बाजूच्या माणसांशी बोलत होता. मला ही गोष्ट फार आवडते, शब्द कुठल्या वाटेने गेला ते त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं.

इंग्लिशमध्ये तो छापलेला सापडतो तो 1698 पासून. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर 1672 ते 1681 या काळात हिंदुस्थान आणि इराणात होता, त्याचं प्रवासवर्णन 1698 साली निघालं आणि त्यात त्याने मुंगसाची ओळख फेरेटच्या (युरोपात पाळतात तो लांबट अंगाचा छोटा शिकारी प्राणी) जवळचा प्राणी अशी करून दिलीय. दिसायला तसं वाटतं खरं, पण मुंगूस नात्याने मांजर आणि तरसाच्या बाजूचं, फेरेट कुत्रा-अस्वलांच्या बाजूचं.

स्पेलिंग मात्र पुढे बराच काळ एका जागी बसलं नव्हतं. कोणी सुरुवातीला एम-यू लिहायचं, कोणी एम-ओ. इंग्रजांनी हिंदुस्थानात उचललेल्या शब्दांचा जो मोठा कोश 1886 साली निघाला, हॉब्सन-जॉब्सन, त्यातसुद्धा हा शब्द एम-यू-एन-जी-ओ-ओ-एस-ई असाच लावलेला आहे, म्हणजे सरळ मुंगूस! आज आपण लिहितो ते एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई नंतर पक्कं झालं. पण दोन्हींमध्ये शेवट बघा, जी-ओ-ओ-एस-ई, म्हणजे गूस. परका शब्द कानावर पडला की माणूस त्यात ओळखीचं काहीतरी शोधतो. ‘गूस’ असा आवाज आला, घरात त्या आवाजाचा एक शब्द होता, तोच लिहून टाकला. पक्ष्याशी संबंध शून्य. इंग्लिशने हे बऱ्याच प्राण्यांचं केलंय. झुरळाला स्पॅनिशमध्ये कुकाराचा म्हणतात, इंग्लिशने त्याचं कॉकरोच केलं, पुढे कॉक म्हणजे कोंबडा आणि मागे रोच नावाचा मासा, आणि झुरळ यातलं काहीच नाही! क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्यांचा, कोळंबीच्या गोतातला जीव, त्यातही फिश नाही, फ्रेंच शब्दाची शेपूट होती ती ऐकणाऱ्यांना फिशसारखी लागली.

आता गूसचं गीस का होतं ते. फार जुन्या काळी, इंग्लिश वेगळी भाषा व्हायच्याही आधी, या शब्दाच्या अनेकवचनाला शेवटी ‘इ’ असलेला प्रत्यय लागायचा. पुढे इ येणार म्हणून जीभ आधीच तिकडे सरकायची आणि मधला स्वर बदलायचा. नंतर प्रत्यय झिजून गेला पण बदललेला स्वर तसाच राहिला. फुट-फीट, टूथ-टीथ, माऊस-माइस, मॅन-मेन हे सगळे त्याच काळातले. या घरात नंतर आलेल्या कोणाला प्रवेश नाही. मॉन्गूस सतराव्या शतकात आला, तोपर्यंत ती गोष्ट संपून हजार वर्षं होत आली होती, म्हणून त्याला साधा एस. मूस (थंड प्रदेशातलं मोठं हरीण) पण बघा, तो शब्द अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या अल्गोंक्वियन भाषांतून आला, त्याचं अनेकवचन मूसच राहतं, मीस होत नाही. मुलीला सांगताना एवढंच सांगा की स्पेलिंगमध्ये गूस दिसला म्हणून तो गूसच्या घरातला होत नाही.

आणि गूसचा खरा नातेवाईक कोण माहितीये? आपला हंस! जर्मनमध्ये गान्स, लॅटिनमध्ये आन्सेर, संस्कृतमध्ये हंस, सगळे एकाच जुन्या शब्दाची लेकरं. इंग्लिशने ‘स’च्या आधीचा ‘न’ गाळायची सवय लावून घेतली (जर्मन उन्स म्हणजे आम्हाला, इंग्लिशमध्ये नुसतं अस), म्हणून गान्ससारख्या शब्दाचा गूस झाला. नर गूसला गँडर म्हणतात त्यात तो ‘न’ अजून शिल्लक आहे. म्हणजे मराठीचे दोन शब्द या मॉन्गूसमध्ये नकळत भेटलेत, मुंगूस मुळातून आणि हंस स्पेलिंगमधून.

अजून एक गंमत मुलीला दाखवा. आपल्या मुंगूसचं अनेकवचन करताना आपणही मधला स्वर बदलतोच की, मुंगूस-मुंगसं, माणूस-माणसं. तिला स्वर बदलावासा वाटला ते मराठीच्या हिशोबाने चुकलेलं नाहीच.

प्रश्न : मॉन्गूस नावाची क्रिकेट बॅट होती ना? या शब्दाचे अजून कुठले अर्थ आहेत का?

उत्तर : होती ना, लांब दांड्याची आणि आखूड पात्याची, 2010 च्या आयपीएलमध्ये मॅथ्यू हेडनने ती वापरली आणि सगळीकडे तिचीच चर्चा झाली. नाव देताना लोकांच्या डोक्यात सापावर झडप घालणारा चपळ प्राणी असतो. अमेरिकेने 1961 च्या शेवटी क्युबातल्या कॅस्ट्रोच्या सरकारविरुद्ध जी गुप्त मोहीम काढली तिचंही नाव ऑपरेशन मॉन्गूस.

पण खरा दुसरा अर्थ प्राण्याचाच आहे. मादागास्करमध्ये एक लेमर (माकडांच्या गोतातला झाडावरचा प्राणी) आहे, त्याला मॉन्गूस लेमर म्हणतात आणि प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत बसवणाऱ्या लिनिअसने 1766 साली त्याच्या शास्त्रीय नावातही ‘मोंगोझ’ घातलं. त्याचा मुंगसाशी काही संबंध नाही, नाव तेवढं तिकडे जाऊन चिकटलं. आफ्रिकेतल्या पट्टेवाल्या मुंगसाचं शास्त्रीय नाव तर मुंगोस मुंगो, वाचताना आपल्याच अंगणातलं वाटतं. फ्रेंच मांगूस्त, जर्मन मुंगो, रशियन मांगुस्त, सगळे त्याच गोतातले. प्राणी स्वतःही दूर गेला, उसाच्या शेतातले उंदीर मारायला म्हणून 1872 मध्ये जमैकात आणि 1883 मध्ये हवाईत नेऊन सोडला. उंदीर जास्त करून रात्री फिरतात आणि मुंगूस दिवसा, तेव्हा त्याने तिथल्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त केली आणि अजूनही ते नुकसान चालूच आहे. याचं मला खरंच वाईट वाटतं, त्या मुक्या जिवाला कोणी विचारून नेलं नव्हतं.

प्रश्न : बँडिकूट म्हणजे घूस की ऑस्ट्रेलियातला प्राणी?

उत्तर : दोन्ही, पण आधी घूस. शब्द तेलुगूतला, पंदिकोक्कु, पंदि म्हणजे डुक्कर आणि कोक्कु म्हणजे उंदीर, घुशीला याहून नेमकं नाव सापडणार नाही. 1799 च्या सुमारास जॉर्ज बॅस या इंग्लिश दर्यावर्दीने ऑस्ट्रेलियातल्या एका लांब नाकाच्या प्राण्याला तेच नाव लावलं आणि ते तिथे कायमचं राहिलं. तो उंदीर नाहीच, कांगारूसारखा पिशवीत पिल्लू वाढवणारा आहे, फक्त त्याच्या पिशवीचं तोंड मागच्या बाजूला असतं, म्हणजे जमीन उकरताना पिल्लाच्या अंगावर माती पडत नाही.