बांधावर पळते ती मोटर आल्तिनोवर का गुदमरते?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या इलेक्ट्रिक सायकलची 36 व्होल्ट, 250 वॅटची हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी) रायबंदरच्या सपाट बांधावर ताशी 25 किलोमीटरने मजेत पळते, पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या चढणीला मात्र जीव टाकते आणि हबला हात लावला तर चटका बसतो. खोक्यावर 45 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, छापलंय, आणि दुकानदार म्हणतो 48 व्होल्टची बॅटरी घाला. बॅटरीवर पैसे घालू नका.

व्होल्ट वेगाचं काम करतात. टॉर्क येतो तो मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीतून जाणाऱ्या अँपियरमधून, आणि ते किती सोडायचे हे कंट्रोलर, म्हणजे बॅटरी आणि मोटरच्या मधला डबा, ठरवतो. 48 व्होल्ट लावून काही कंट्रोलरवर जोर थोडा वाढेलही, पण तो जास्त अँपियर ढकलूनच. तुमचा हब तर आधीच तापतोय. शिवाय 48 ची बॅटरी पूर्ण भरली की साधारण 54 व्होल्ट दाखवते, 36 चा कंट्रोलर तिथेच राम म्हणू शकतो.

तुमची मोटर एका अँपियरला किती टॉर्क देते हे घरीच काढता येतं. चाक वर उचला, वेगमर्यादा काढा, थ्रॉटल पूर्ण पिळा, वेगाचा मीटर वाचा. समजा ताशी 28 किलोमीटर आला. 26 इंची चाकाची त्रिज्या साधारण 0.33 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला 23.6 रेडियन फिरतंय. 36 ला 23.6 ने भागा: दीड. म्हणजे अँपियरला अंदाजे दीड न्यूटन-मीटर. ढोबळ आहे, पण खोक्यावरच्या आकड्यापेक्षा मी यावरच विश्वास ठेवतो. तो 45 चा आकडा बहुधा क्षणभराचा असतो.

आता चढण. तुम्ही, सायकल, बाजाराची पिशवी मिळून 100 किलो धरू, चढ 8 टक्के. मागे ओढणारं बल सुमारे 88 न्यूटन, चाकावर लागणारा टॉर्क 29, म्हणजे गुंडाळीत 19 अँपियर. (कंट्रोलरवर 15 लिहिलं असेल तर गोंधळू नका, ते बॅटरीकडचे. कमी वेगात गुंडाळीतले त्याहून जास्त असतात.) बांधावर 25 ने जाताना 9 न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे 6 अँपियर. अँपियर तिप्पट झाले की गुंडाळीतली उष्णता नऊपट होते, कारण ती अँपियरच्या वर्गाने वाढते. त्यात 250 वॅटमध्ये 29 न्यूटन-मीटर हवेत तर वेग ताशी 10 किलोमीटरच उरतो, म्हणजे हबला वाराही लागत नाही. चटका बसणारच.

हब मोटरची खरी अडचण हीच. तुम्ही पेडलचा गिअर कितीही हलका करा, मोटरला त्याचा पत्ता नसतो. तिच्यासाठी चाक हाच एक कायमचा गिअर. पेडलपाशी बसणारी मोटर सायकलचे गिअर वापरते म्हणून घाटात वरचढ ठरते. चाक 20 इंची असतं तर याच चढाला 22 न्यूटन-मीटर पुरले असते.

तुमच्यापुरता उपाय साधा आहे. चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाकून पेडल मारायला लागा. मोटर धापा टाकू लागल्यावर पाय हलवून उपयोग नाही. तुमच्या पायांतून 100 वॅट आले तरी मोटरवरचा भार बराच उतरतो. वेग 8-9 च्या खाली गेला तर थ्रॉटल पिळत बसू नका, सरळ उतरून ढकला. मी आजही ढकलतो, लाज कसली!

आणि जास्त अँपियरचा कंट्रोलर घ्यायचा मोह झालाच तर आधी टॉर्क आर्म, म्हणजे अ‍ॅक्सलला फ्रेमशी जखडणारी पट्टी, बसवा. चाकाला मिळतो तेवढाच टॉर्क उलट दिशेने अ‍ॅक्सलला बसतो. माझ्या पहिल्या किटचा अ‍ॅक्सल पर्वरीच्या चढावर अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत गर्रकन फिरला आणि मोटरची वायर पिळून तुटली. भर पावसात, रेनकोट घालून, सायकल खांद्यावर. तुमची फ्रेम कशाची आहे, स्टील की अ‍ॅल्युमिनियम?