लेख तुमचा, चित्रंही तुमचीच: फ्रीलान्सरांचे प्रश्न

प्रश्न: एका संस्थेच्या माहितीपुस्तिकेचा मजकूर मी लिहिला आणि आतली सहा चित्रंही काढली. दोन्हींची मिळून एकच रक्कम ठरली होती. मजकूर दोनदा बदलला, म्हणून तीन चित्रं पुन्हा काढावी लागली. आता त्यातलंच एक चित्र त्यांच्या कॅलेंडरवर छापलं आहे. वेगळे पैसे मागता येतील का?

उत्तर: आधी जुने ई-मेल काढून पाहा. चित्रं ‘पुस्तिकेसाठी’ हवी आहेत असं कुठे लिहिलेलं असेल, तर कॅलेंडर हा वेगळा वापर झाला. कोणतं चित्र, कुठे छापलं, किती प्रती आणि किती मानधन एवढं लिहून साधं बिल पाठवा. सर्व हक्क तुम्ही लिहून दिले असतील, तर मात्र हा विषय तिथेच संपतो. काहीच लिखापढी नसेल, तर तुमच्याकडचा कायदा पाहावा लागेल. काही देशांत करार नसल्यास पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक काम देणारा ठरतो, लेखाचे हक्क मात्र लेखकाकडे राहतात. एकाच माणसाच्या एकाच कामात असे दोन वेगळे नियम लागू शकतात, म्हणून चित्रांबद्दलची ओळ लेखी हवीच.

पुढच्या कामाला ती अशी लिहा: ‘चित्र क्र. १ ते ६ फक्त या पुस्तिकेच्या पहिल्या छापील आवृत्तीसाठी. इतर कोणत्याही वापरासाठी वेगळी लेखी परवानगी व वेगळं मानधन. वापराचा हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावर लागू.’ शेवटचं वाक्य विसरू नका. थकलेली बिलं त्याच्यामुळे लवकर निघतात.

तुमचं खरं नुकसान मात्र कॅलेंडरने केलेलं नाही, एकरकमी ठरवण्याने केलं आहे. लेखक आणि चित्रकार वेगळे असतात तेव्हा मजकूर पक्का झाल्याशिवाय संपादक तो चित्रकाराकडे पाठवत नाही. तुम्ही दोन्ही करता म्हटल्यावर ती पायरी गळून पडते, आणि एक परिच्छेद बदलला की चित्रही आपोआप, फुकट बदलेल असं समोरच्याला वाटतं. संपादकाची ती पायरी तुम्हीच घालायची. मजकूर मंजूर असल्याचं लेखी आल्याशिवाय पेन्सिल उचलू नका. मग अंगठ्याएवढी छोटी रेखाटनं, त्यानंतर पूर्ण मापाचं रफ, म्हणजे कच्चं रेखाटन, आणि शेवटी रंग. छोट्या रेखाटनातला बदल दहा मिनिटांचा असतो, रंग भरल्यावर तोच बदल दिवस खातो. रफवर दोन फेऱ्या, रंगीत चित्रावर किरकोळ दुरुस्तीची एक, त्यापुढे तासाचा दर. मंजुरीनंतर मजकूर बदलला आणि चित्राला धक्का लागला, तर ते नवं काम.

तासाचा दर काढायला वर्षाचा घरखर्च, कर, साहित्य, सॉफ्टवेअर आणि आजारपणाची तजवीज यांची बेरीज करा. तिला बिलात धरता येतील अशा तासांनी भागा. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं, कारण आठवड्याचे चाळीस तास धरले जातात. पत्रव्यवहार, प्रस्ताव, स्कॅनिंग आणि वसुली वजा जाता वीसच्या आसपास उरतात. वर्षाला ४६ आठवडे धरले तर ९२० तास. लेखन आणि चित्र दोन्हींचे तास या दराने मोजा, पण बिलात दोन वेगळ्या ओळी ठेवा. चित्रांच्या ओळीत वापराचं मानधन वर जोडायचं असतं. रक्कम तीन हप्त्यांत घ्या: सुरुवातीला, रफ मंजूर झाल्यावर आणि मोठी फाइल देण्याआधी. तोवर मंजुरीसाठी लांब बाजू हजार पिक्सेलची प्रत पुरते. काम मध्येच रद्द झालं तर किती मिळणार, हेही पहिल्याच पत्रात ठरवून टाका. रफनंतर रद्द झाल्यास निदान निम्मी रक्कम मागावी, असं आमचं मत आहे.

प्रश्न: सकाळी लिहायचं, दुपारी जलरंगात काम करायचं असं ठरवलं, पण दोन्ही अर्धवट राहतं.

उत्तर: दिवसाचे तुकडे करू नका, आठवड्याचे करा. दोन दिवस सलग चित्रं, दोन दिवस सलग लेखन, पाचवा दिवस बिलं, प्रस्ताव आणि स्कॅनिंगचा. कागद ताणून वाळवण्यात आणि रंगांचे थर सुकण्यात इतका वेळ जातो की अर्ध्या दिवसात हात बसायच्या आत आवरायची वेळ येते. थर सुकेपर्यंत ‘तेवढ्यात लेख पुरा करू’ हा मोह टाळा. त्या वेळात पुढच्या चित्राचं रेखाटन करा.

स्कॅनिंग मात्र घाईत उरकू नका. जलरंगातले फिकट थर स्कॅनमध्ये पांढरे होऊन उडतात, कारण स्कॅनरची आपोआप होणारी सुधारणा कागदाचा रंग पांढरा करायला जाते आणि सोबत आकाशही पुसते. ती सुधारणा बंद करा. मूळ मापात छापायचं असेल तर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतं, दुप्पट मापाला ६०० लागतं. नंतर मूळ चित्र शेजारी ठेवून फिकट भाग हाताने जुळवा.

प्रश्न: मुलांसाठी गोष्ट लिहून चित्रंही काढते आहे. सगळी पानं रंगवूनच प्रकाशकाला पाठवू का?

उत्तर: नका. संपादक चार पानं बदलायला सांगतील आणि महिन्यांची मेहनत वाया जाईल. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण छपाईचा मोठा कागद आठ किंवा सोळा पानांच्या घड्यांत दुमडतो. शीर्षक आणि श्रेयाची पानं वजा जाता गोष्टीला बारा ते चौदा जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक) मिळतात. सगळ्या पानांची पेन्सिलमधली डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, त्यात मजकूर जागच्या जागी, आणि दोन-तीन जोडपानं पूर्ण रंगवलेली असं पाठवा. मजकूर वेगळ्या फाइलमध्येही द्या. गोष्ट आणि चित्रं वेगवेगळी स्वीकारलेली चालतील का, ते पत्रात स्पष्ट लिहा. गोष्ट आवडली पण चित्रं नकोत, असं उत्तर येऊ शकतं.

आणखी एक, जे दोन्ही कामं करणारे हमखास विसरतात: अक्षरं चित्रात रंगवू नका. मजकूर वेगळ्या लेयरवर, निव्वळ शंभर टक्के काळ्यात ठेवा. चार रंगांच्या छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट असते, मग दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीसाठी फक्त काळ्या रंगाची प्लेट बदलावी लागते. गडद निळ्या आकाशातून पांढरी अक्षरं काढलीत, तर चारही प्लेट बदलाव्या लागतात आणि भाषांतराची आवृत्ती महागात जाते. अनुवादात मजकूर लांबू शकतो, म्हणून त्याभोवती जागा सैल सोडा. चारी कडांना ३ मिलिमीटर चित्र जास्तीचं ठेवा, आणि जोडपानाच्या मधल्या घडीत चेहरा येऊ देऊ नका. बांधणीत नाक गिळलं जातं.

प्रश्न: पोर्टफोलिओ एक की दोन?

उत्तर: वेबपत्ता एक, दालनं तीन. दहा-बारा चित्रं, चार-पाच लेख, आणि तिसऱ्या दालनात मजकूर व चित्र दोन्ही तुमचंच असलेलं काम. ते अजून कुणी दिलं नसेल, तर चार पानांचा सचित्र लेख स्वतःच तयार करून ठेवा आणि तो ‘स्वतंत्र काम’ असल्याची नोंद करा. ग्राहकाचं काम प्रसिद्ध होण्याआधी इथे लावू नका.