नर्सिंगमुळे खरोखरच कंबर जाते का?

मुलीला नर्सिंगला घालावे का आणि त्या कामाने कंबर जाते का, असे आपण विचारले आहे. जाते, पण ती चालण्याने नव्हे, रुग्णाला उचलण्याने. अमेरिकेत रुग्ण हाताने उचलण्याची शिफारस केलेली मर्यादा ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो आहे, आणि इंदूरच्या ज्या रुग्णालयात मी नोकरी केली तिथे सत्तर किलोचा रुग्ण आम्ही दोघी चादर धरून, कमरेत वाकून, उशीकडे सरकवत असू. पायांची सूज त्यामानाने किरकोळ. घरी आल्यावर मोज्यांचे वळ तेवढे दिसत. रात्रपाळी मात्र हलक्यात घेऊ नये, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली तिची गणना बहुधा कर्करोगकारक गोष्टींत केली आहे. पलंग आधी कमरेइतका वर घ्यायचा, मगच रुग्णाला हात लावायचा, हे मुलीला आत्ताच सांगून ठेवा.