वॉलपेपरचं काम स्वतःच्या नावावर घेणाऱ्यास

वडोदरा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वॉलपेपर लावण्याची कामं आता स्वतःच्या जबाबदारीवर घ्यायची ठरवलीस, चांगलं केलंस. कागदाचा पट्टा सरळ सोडायचा, स्क्वीजीने (सपाट पट्टीने) हवा काढायची, वर-खाली कटरने छाटायचं, एवढा हात तुझा बसलेला आहे. पण या धंद्यात पैसे बुडतात ते बहुतेक वेळा कागद भिंतीला लागायच्या आधी. एक तर भिंत बघताना, नाहीतर रोल मोजताना. म्हणून पत्राचा मोठा भाग त्या दोन गोष्टींवरच खर्च करतो.

गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर भिंतीचा फोटो पाठवून 'किती होतील?' विचारतं. फोटोवर भाव सांगू नकोस. घरी जा. जाताना टेप, बॅटरी, ओला स्पंज, मास्किंग टेप आणि जाड प्लॅस्टिकचा एक तुकडा ने. बॅटरी भिंतीला टेकवून आडवा उजेड पाड, म्हणजे पुट्टीच्या लाटा, खड्डे, जुन्या खिळ्यांची भोकं सगळं समोर येतं. हल्ली फॉल्स सीलिंगमधून भिंतीवर उजेड सोडतात, तो अगदी असाच आडवा पडतो. पातळ, चकचकीत कागदाखालची बारीक गुठळीही त्या उजेडात लपत नाही, आणि दोष कागद लावणाऱ्याला मिळतो. मग ओला स्पंज भिंतीवर चोळ. स्पंज पांढरा झाला तर वरचा थर चुन्याचा किंवा साध्या डिस्टेंपरचा आहे. पेस्टच्या पाण्याने तो थर सुटतो आणि कागद थरासकट हातात येतो. दांडिया बाजार, रावपुरा, वाडीकडच्या जुन्या घरांत चुन्यावर चुना असे कित्येक थर निघतात. तिथे खरवडण्याची मजुरी कागद लावण्याच्या मजुरीपेक्षा जास्त होऊ शकते, हे आधीच बोलून घे. शेवटी मास्किंग टेप दाबून बसव आणि झटक्यात ओढ. रंगाचे पापुद्रे सोबत आले, तर खरवडण्यावाचून इलाज नाही.

आता ओल, म्हणजे आपल्याकडचा भेज. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा नदीकाठच्या भागांत तळमजल्याच्या भिंती पाण्यात उभ्या होत्या. असं पाणी विटेत मुरतं, आणि वाळताना आतले क्षार बाहेर आणतं. वरून हात लावला तर भिंत कोरडी लागते, नवा रंगही छान दिसतो. म्हणून प्लॅस्टिकचा दीड फूट चौरस तुकडा चारही कडांनी टेपने चिकटव आणि २४ तासांनी काढ. भिंतीच्या बाजूने दव धरलं असेल किंवा तेवढाच चौकोन गडद झाला असेल, तर ओल भिंतीच्या आतून येते आहे. दव बाहेरच्या बाजूला असेल तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा आहे, भिंतीचा नाही. पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसला तर कोरड्या ब्रशने झाड. पाण्याने धुतलास तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि महिन्याभरात परत फुलतात.

अशा भिंतीवर विनाइलचा, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेला, कागद लावणं म्हणजे भांड्यावर झाकण ठेवणं. वाफ बाहेर पडत नाही, मागे बुरशी धरते, आणि आधी जोड काळे पडतात. बाथरूमच्या पाठीमागची भिंत विशेष संशयाने बघ. नळाची बारीक गळती वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. ओल सापडली की काम घेऊ नकोस. आधी वॉटरप्रूफिंग, मग एक पावसाळा जाऊ दे, मग बघू, असं सांग. दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाइकाला हे आवडत नाही. त्याच खोलीतली आतली, कोरडी भिंत सुचव. पुष्कळदा माणूस ऐकतो. वाळवीचंही विचारून घे. कागद आणि स्टार्चची पेस्ट दोन्ही तिचं खाणं आहे, आणि कागदामागे तिची माती लवकर दिसत नाही.

भिंत तयार करण्याचं काम कलरवाल्याकडे असेल तर तो 'तयार आहे' म्हणेल. त्याच्या शब्दावर जाऊ नकोस. पुट्टीचे दोन हात, पूर्ण वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घसाई, धूळ कोरड्या फडक्याने साफ, मग प्रायमर आणि एक दिवस सुट्टी, एवढं झालं का ते बघ. प्रायमर टाळून पैसे वाचवणारे खूप भेटतील. प्रायमर नसेल तर पुट्टी पेस्टमधलं पाणी ओढून घेते, पट्टा लावल्या लावल्या जागच्या जागी धरतो, सरकवता येत नाही, आणि पाच वर्षांनी कागद काढताना पुट्टीचे पापुद्रे निघतात. जुना ऑइल पेंट असेल तर चकाकी जाईपर्यंत घास. भिंत गडद रंगाची आणि कागद फिकट असेल तर पांढरा प्रायमर हवाच, नाहीतर खालचा रंग झिरपल्यासारखा दिसतो. खुणा पेन्सिलीने कर. बॉलपेनची शाई काही महिन्यांनी कागदातून वर येते, आणि त्यावर उपाय नाही.

आता मोजमाप. दुकानदार रोल चौरस फुटात सांगतो: ५३ सेंटिमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब, म्हणजे ५७ चौरस फूट. बारा फूट रुंद, दहा फूट उंच भिंत १२० चौरस फूट, म्हणजे 'दोन रोल आणि थोडं' असं गिऱ्हाईक स्वतःच काढून बसलेलं असतं. तू क्षेत्रफळाने मोजू नकोस, पट्ट्यांनी मोज. बारा फूट म्हणजे ३६६ सेंटिमीटर. भागिले ५३, तर सात पट्टे. उंची ३.०५ मीटर, वर-खाली छाटायला मिळून १० सेंटिमीटर, म्हणजे पट्टा ३.१५. एका रोलमधून तीन पट्टे निघतात. सात पट्ट्यांना तीन रोल.

हे झालं साध्या कागदाचं. डिझाइन ६४ सेंटिमीटरने पुन्हा येत असेल तर प्रत्येक पट्टा ६४ च्या पटीत धरावा लागतो. ३.१५ ऐवजी ३.२०, तिन्ही पट्टे ९.६० मध्ये बसतात, काही बिघडत नाही. पण तीच भिंत साडेदहा फूट उंच असली तर पट्टा ३.३०, आणि ६४ च्या पटीत तो ३.८४ वर जातो. आता रोलमधून दोनच पट्टे निघतात आणि सात पट्ट्यांना चार रोल लागतात. अर्ध्या फुटाने एक रोल वाढला. म्हणून उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी घे आणि सगळ्यात मोठी धर. फरशी आणि सीलिंग समांतर असेलच असं नाही.

लेबलवर बाणांची खूण बघ. समोरासमोर बाण असतील तर डिझाइन सरळ जुळतं. एक बाण खाली सरकलेला असेल तर प्रत्येक दुसरा पट्टा अर्ध्याने खाली उतरतो, ६४ असेल तर ३२ ने. अशा वेळी एकाच रोलमधून आलटून-पालटून पट्टे कापलेस तर दहा फुटी भिंतीत तिसरा पट्टा बसतच नाही: दुसरा ३.५२ वर सुरू होतो, तिसरा ७.०४ वर, आणि तो १०.१९ ला संपतो. त्याऐवजी एका रोलमधून सगळे एकीचे (पहिला, तिसरा, पाचवा) पट्टे काप, दुसऱ्या रोलच्या सुरुवातीचे ३२ सेंटिमीटर सोडून सगळे बेकीचे (दुसरा, चौथा, सहावा) काप. दोन्हीतून तीन-तीन निघतात. दुकानात उभं राहून हा हिशेब करणारे फार थोडे, म्हणून सांगतो.

कोरियन रोल १.०६ मीटर रुंद असतो, जोड कमी येतात. पण तो पट्टा जड असतो, वरून सोडायला दोघं लागतात.

सगळ्या रोलांचा लॉट नंबर एक आहे का ते दुकानातच बघ. नंबर वेगळा म्हणजे छटा वेगळी, आणि ती दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, गिऱ्हाइकाच्या खिडकीपाशी दिसते. नंतर एक रोल कमी पडला तर तोच लॉट मिळेलच असं नाही. एक रोल जास्त घे आणि न उघडता परत देता येईल का ते आधी विचार.

लावताना सुरुवात कुठून करायची हे भिंतीवर अवलंबून. पलंगामागच्या भिंतीवर मोठं डिझाइन असेल तर मध्यातून. पण मध्यावर पट्टा येऊ दे, जोड नको: याच ३६६ च्या भिंतीत पट्टा मध्यावर धरलास तर सात पट्टे आणि कडेला ५० सेंटिमीटरच्या आसपास रुंदी मिळते. जोड मध्यावर धरलास तर आठ पट्टे लागतात आणि कडेला २४ सेंटिमीटरच्या चिंध्या राहतात. पहिली रेघ ओळंब्याने किंवा लेझरने मार. दाराची चौकट किंवा कोपरा सरळ आहे असं गृहीत धरू नकोस.

पेस्टची पावडर पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच घाल. पाणी ढवळत ढवळत पावडर भुरभुरव, पंधरा-वीस मिनिटं थांब, पुन्हा ढवळ. पावडर एकदम ओतलीस तर गुठळ्या होतात आणि त्या कागदावर फोडांसारख्या दिसतात. नॉन-वूव्हन, म्हणजे न विणलेल्या धाग्यांच्या पाठीचा, कागद पाण्याने फुगत नाही, त्याला पेस्ट भिंतीवर लावायची. कागदी पाठीचा मात्र फुगतो, काही मिलिमीटर रुंद होतो. त्याच्या पाठीला पेस्ट लावून घडी घाल आणि लेबलवर दिलेला वेळ भिजू दे. वेळ सगळ्या पट्ट्यांना सारखा हवा. एक पट्टा चार मिनिटं आणि दुसरा बारा मिनिटं भिजला तर दोघं वेगवेगळे फुगतात, वर जुळलेलं फूल खाली जुळत नाही. कमी भिजलेला पट्टा भिंतीवर जाऊन फुगतो, तिथूनच बुडबुडे येतात. बारीक बुडबुडे वाळताना बसतात, त्यांच्या मागे लागू नकोस. दुसऱ्या दिवशीही राहिले तर सुईने पेस्ट सोड.

तीन पट्टे लागले की थांब, दिवसाच्या उजेडात लांबून बघ. छटा, छपाई, जोड. पुष्कळ कंपन्या लेबलवर लिहूनच ठेवतात की तीन पट्ट्यांनंतर तक्रार चालणार नाही. साध्या टेक्श्चरच्या कागदावर दोन बाण उलटसुलट दिशांना असतील तर एक पट्टा सुलटा, दुसरा उलटा लाव. ती खूण न बघितल्याने दर ५३ सेंटिमीटरला उभी पट्टी दिसत राहते.

ब्लेडचं टोक दर एक-दोन पट्ट्यांनी मोड. ब्लेडला काटकसर केली की ओला कागद फाटतो, आणि फाटतो तो नेमका सीलिंगजवळ. समोर आलेली पेस्ट लगेच स्वच्छ ओल्या स्पंजने टिप, पाणी बदलत राहा. वाळल्यावर ती चमकते. जोडावर रोलर हलका फिरव. दाबलास तर पेस्ट बाहेर येते, जोड रिकामा राहतो आणि उठतो. उठावाच्या डिझाइनवर रोलर नकोच.

आतल्या कोपऱ्यात अख्खा पट्टा वळवू नकोस. कोपऱ्यापर्यंतचं अंतर तीन ठिकाणी मोजून त्यात एक-दीड सेंटिमीटर मिळवून काप, दुसऱ्या भिंतीवर नवी ओळंब्याची रेघ मारून उरलेला पट्टा लाव. विनाइलवर विनाइल चढत असेल तिथे नेहमीची पेस्ट धरत नाही, त्याचं वेगळं चिकट मिळतं.

स्विचबोर्डापाशी आधी एमसीबी पाडून वीज बंद कर, टेस्टरने खात्री कर, मगच प्लेट काढ. कागदात तिरपे दोन छेद दे, आतला भाग काप, प्लेट वर बसव. सोनेरी किंवा चंदेरी फॉइलचा कागद प्लेटमागे जाता कामा नये. त्यातून करंट जातो.

आपल्याकडे पिछवाईच्या (मूर्तीमागे लावायच्या चित्रित पडद्याच्या) गाई-कमळांची आणि श्रीनाथजींची छापील भिंत मागणारे पुष्कळ आहेत. तिथे छपाईला माप देण्याआधी बोर्ड, एसी, पलंगाची पाठ कुठे येते ते कागदावर काढ, आणि जोड कुठे पडणार हे छापणाऱ्याकडून लिहून घे. मुखावरून जोड गेला किंवा चरणांवर स्विचबोर्ड आला तर घरातली आजी तो कागद राहू देणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल. चारही बाजूंना दोन-तीन इंच जास्त छापून घे. पॅनेल आधी जमिनीवर क्रमाने मांडून बघ, मग पेस्टची बादली उघड.

काम झाल्यावर २४ तास पंखा आणि एसी बंद, खिडक्या बंद. मे महिन्यात हे ऐकून घरचे लोक तुझ्याकडे विचित्र नजरेने बघतील. पण गरम वाऱ्याने कागद झपाट्याने वाळला की आखडतो आणि जोड उघडतात. हे जाताना तोंडी सांगू नकोस, व्हॉट्सॲपवर लिहून पाठव. भिंतीची तयारी वेगळी, कागद वेगळा, लावण्याची मजुरी वेगळी, असा भाव दे, आणि कागदाचे पैसे पूर्ण आगाऊ घे. उरलेले तुकडे आणि एक लेबल गिऱ्हाइकाकडे ठेव; पुढे एसीची जागा बदलली तर तेच कामी येतात. नवरात्रीचे नऊ दिवस मदतनीस धरू नकोस, गरब्याहून पहाटे आलेला मुलगा घोडीवर (शिडीवर) चढवण्याच्या लायकीचा नसतो.

पहिल्या कामाचं माप घेतलंस की आकडे मला पाठव. रोल मागवण्याआधी एकदा बघून देतो.

तुझा,
काका