नाताळची ड्यूटी घेण्याआधी

पोरी,

तुझा मेसेज वाचला. ‘सगळ्या म्हणतात, तुझा सण नाही ना, मग पंचवीसची ड्यूटी तूच घे’ या वाक्याने डोकंच फिरलं. ड्यूटी घ्यायची की नाही, ते तू ठरव. पण भिडेखातर घेऊ नकोस.

करार वाचलास का? नसणार. आज रात्री काढ. ब्रिटनमध्ये बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी, सुट्टी किंवा जादा पगार दिलाच पाहिजे, असा कायदा नाही. करारात असेल तेच मिळणार. वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजा हा तुझा हक्क आहे, पाच दिवसांच्या आठवड्याला २८ दिवस. पण बँक हॉलिडे त्यातच धरायची मालकाला मुभा असते. म्हणजे मॅनेजर गोड हसून ‘थँक यू’ म्हणाली, म्हणून खात्यात काही जमा होत नाही. दर काय, बदली रजा कधी, हे ईमेलवर विचार. तोंडी नको.

आणि जायचं कसं? पंचवीसला लंडनमध्ये ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वे बंद, बस बंद, रेल्वेही बंद. तुझं केअर होम, म्हणजे ते वृद्धाश्रम, तुझ्या खोलीपासून तासाभराच्या बसवर. टॅक्सीचे पैसे कोण देणार, तेही त्याच ईमेलमध्ये लिही. मी एकदा रात्रपाळी संपवून चालत घरी आले आहे. दुकानांची शटर खाली, बसस्टॉपवर चिटपाखरू नाही, आणि आठ वाजत आले तरी अंधार. पाय दुखले त्याचं काही नाही. पण वॉर्डातल्या एकीलाही विचारावंसं वाटलं नव्हतं की ही जाणार कशी, ते मनाला लागलं.

माझ्या सुरुवातीच्या दिवाळ्या वॉर्डातच गेल्या. नाताळ मी करायची, दिवाळीही मीच. आई फोनवर ‘असू दे गं’ म्हणायची आणि ते ‘असू दे’ मला आजही ऐकू येतं. त्यानंतर मी अट घालायला लागले: नाताळ करीन, पण दिवाळीची रजा आधी रोटावर, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्यावर, चढवा. एका सिस्टरने त्यावरून माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू दे. मला हट्टी म्हणाले, अजूनही म्हणतात. पण त्या हट्टामुळेच मी या शहरात इतकी वर्षं टिकले, नाहीतर कधीच बॅग भरली असती. भीड भिकेची बहीण, हे तुझ्या आजीने तुला सांगितलंच असेल.

कामाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. नाताळच्या दिवशी ज्यांच्याकडे कोणी येत नाही अशा आजी-आजोबांच्या डोक्यावर सणाचे कागदी मुकुट नीट बसवायचे, चहा पुन्हा गरम करून द्यायचा, एकच गोष्ट चारदा ऐकायची. हे तुला छान जमेल, म्हणून तर हवीस त्यांना. मग हवी असलेल्या माणसासारखं वाग ना! उपकार केल्यासारखी ड्यूटी कशाला पदरात घेतेस?

घेतलीसच तर चोवीसलाच दूध-ब्रेड आणून ठेव. मोठी दुकानं पंचवीसला कायद्यानेच बंद असतात. घरी फोन दुपारी कर. लंडनला चार वाजतात तेव्हा आई-बाबांकडे भारतात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, ते वाट बघत जागत बसतील.

ईमेल उद्याच पाठव. शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर ‘मला जमणार नाही’ एवढंच लिही. कारण देत बसू नकोस.

तुझी,
मावशी