अपाचे हातात घेतलं की आधी रोटर बघा

तुमचा प्रश्न असा: ऑनलाइन मागवलेलं अपाचे लढाऊ हेलिकॉप्टरचं धातूचं खेळणं, खोक्यावर १:७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतकं) लिहिलेलं, अंगावर भारतीय हवाई दलाचं चक्र, रोटर (वर फिरणाऱ्या पात्यांचा संच) साडेसोळा सेंटीमीटर, धड सतरा. हे कितपत खरं, आणि आठ वर्षांच्या भाच्याला द्यावं का?

मापापासून सुरू करू, कारण तिथे वादाला जागा नाही. खऱ्या अपाचेच्या (अधिकृत नाव एएच-६४) मुख्य रोटरचा व्यास १४.६३ मीटर. त्याला ७२ने भागलं की २०.३ सेंटीमीटर यायला हवेत. तुमचे साडेसोळा म्हणजे प्रमाण १:८९च्या आसपास. खरं धड साधारण १५ मीटरचं, त्यामुळे तुमच्या सतरा सेंटीमीटरवरूनही तेच निघतं. थोडक्यात, खोक्यावरचा आकडा थाप आहे, पण खेळणं बेढब नाही. धड एका मापाचं आणि पाती भलत्याच मापाची असला माल मी लगेच परत पाठवतो.

आता अचूकता. रंगातली चूक ब्रश घेऊन निस्तरता येते, साच्यातली जन्माची. म्हणून चक्राकडे सगळ्यात शेवटी बघा (बाहेर केशरी, मधे पांढरा, आत हिरवा, एवढंच). आधी शेपटी. अपाचेचा मागचा रोटर डाव्या बाजूला असतो आणि त्याची चार पाती अधिक चिन्हासारखी नसतात. उघड्या कात्रीसारखी दोन जोड्यांत तिरपी असतात, कोन साधारण ५५ आणि १२५ अंशांचे. आवाज कमी व्हावा म्हणून ही रचना. स्वस्त साच्यात इथे सरळ काटकोनी फुली दिसते. ती दिसली की बनवणाऱ्याने फोटो नीट पाहिला नाही असं मी धरून चालतो.

मग कॉकपिटखालच्या दोन्ही बाजू बघा. जुन्या 'ए' प्रकारात तिथल्या गालांसारख्या पेट्या अरुंद आहेत, 'डी'पासून इलेक्ट्रॉनिक सामानासाठी त्या चांगल्याच फुगल्या. भारताकडे फक्त 'ई' आहे. २०१५ साली हवाई दलासाठी २२चा करार झाला आणि पहिली आठ ३ सप्टेंबर २०१९ला पठाणकोटला दाखल झाली. तेव्हा आपलं चक्र आणि सडपातळ गाल एकत्र दिसले, तर जुन्याच साच्यावर नवा रंग मारलाय. रोटरच्या डोक्यावरचा रडारचा घुमट नसला तर मात्र चूक काढू नका, प्रत्येक अपाचेवर तो बसवलेला नसतो. 'डी' आणि 'ई'मधला फरकही या आकारात शोधत बसू नका.

पात्यांची टोकं मागे वळलेली हवीत. वरून पाहिलं तर रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, त्यावरून मागे कुठलं ते कळेल. पाती जाड आहेत म्हणून नाक मुरडू नका. खरं पातं जेमतेम अर्धा मीटर रुंद, म्हणजे तुमच्या मापात सहा मिलिमीटर. जाडीही प्रमाणात ठेवली तर कागद होईल, आणि भाचा पहिल्याच दिवशी तोडेल.

बांधणीची परीक्षाही रोटरवरच. बोटाने हळू फिरवा आणि टोकांकडे आडवं बघा. टोकं वरखाली होत असतील तर पिन तिरपी बसलीय किंवा भोक सैल आहे, आणि ते वापराने वाढतच जातं. मग नाकाखालची तोफ आणि आखूड पंखांखालचे रॉकेटचे डबे चिमटीत धरून हलवा. नुसते गोंदावर चिकटवलेले असतील तर आठवड्याचे सोबती. धडाच्या दोन भागांच्या जोडावरून नख फिरवा, ते अडकता कामा नये. वजनावर भुलू नका. धड धातूचं आणि चाकांचे दांडे मऊ प्लास्टिकचे असले, तर ते वजनच चाकं फाकवतं.

भाच्यासाठी शेवटचं: १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. खोक्यावर ते नसेल आणि '१४+' छापलं असेल, तर ती मोठ्यांच्या कपाटात ठेवायची वस्तू. मग ते तुम्हीच ठेवा आणि त्याला चिन्ह असलेलं प्लास्टिकचं जाडजूड एखादं आणा. मागच्या फुलीबद्दल तो तक्रार करणार नाही.