वर्ध्याजवळच्या खेड्यातून सिस्टर सिटी मैत्री कार्यक्रमात स्वयंसेवक होता येतं का? इंग्रजी मोडकंतोडकं आहे.

होता येतं. इंग्रजीची काळजी सोडा.

सिस्टर सिटीचा मैत्री करार मात्र गावाशी होत नाही, तो दोन देशांतल्या दोन शहरांमधला असतो. मुंबई–योकोहामा १९६५ पासून, पुणे–सॅन होजे १९९२ पासून. अमेरिकेत आयझेनहॉवर यांनी १९५६ मध्ये याला चालना दिली, तीच साध्या माणसांनी एकमेकांच्या घरी जावं म्हणून. त्यामुळे शहरातल्या समितीला गाठा आणि सांगा, सेवाग्राम पाहायला पाहुणे येणार असतील तर एक दिवस आमच्याकडे पाठवा.

मी पुण्यात शिकत असताना असाच एक गट आमच्या सेलू तालुक्यातल्या गावी आणला होता. सकाळी बापू कुटी, अकराला गाव. गावकऱ्यांनी हौसेनं मंडप टाकलेला. शाल, श्रीफळ, मग भाषणं. सातव्या वक्त्यापर्यंत एक आजोबा मांडीवरचा नारळ सांभाळत चक्क झोपले. शेवटी आमच्या काकूच माझ्या कानाशी आल्या, "यायले वावरात ने ना वं, इथं काहून बसवून ठेवलं?"

वावरात वेचणी चालू होती. काकूंनी एका पाहुणीला कमरेला ओचा बांधून दिला. तिनं बोंड ओढलं तर कापसासोबत वाळका पाला आला, बोटालाही खरचटलं. काकूंनी तिची बोटं धरून एका ओढीत सगळा कापूस कसा सुटतो ते दाखवलं. दोघींमध्ये एक शब्द सामाईक नव्हता. मी बांधावर नुसती उभी. सत्कार आटोपता घेणं हेच तुमचं मोठं काम, आणि त्यासाठी सरपंचांशी आधी गोड बोलून ठेवावं लागतं.

दुभाषा लागलाच तर मराठीसाठी. पुण्याहून सोबत आलेल्या मुलीला काकूंनी विचारलं, "वरून सांबार टाकू का?" ती म्हणाली, "नको, इडली कुठंय?" आता आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर हे तिला कोण सांगणार! (जेवायला गोळाभात-कढी करा. पहिल्याच दिवशी सावजी रस्सा वाढून मर्दुमकी दाखवू नका.)

दोन गोष्टी मात्र विसरू नका. परदेशी पाहुणा रात्री घरी राहणार असेल तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन फॉर्म भरून कळवावी लागते (पूर्वी याला फॉर्म सी म्हणत). हॉटेललाच नाही, घरमालकालाही. दुसरं पैशाचं. निघताना कुणीतरी हळवं होऊन वाचनालयासाठी डॉलर काढतंच. परदेशी देणग्यांबद्दलच्या २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर संस्थेला परदेशी देणगी घेता येत नाही. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचा हात पुढे गेला होता, मी मधे पडले. पुढचा महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

समितीला पत्र लिहाल तेव्हा गावाचा इतिहास नंतर सांगा. आधी लिहा, किती जणांची झोपायची सोय आहे आणि चांगला संडास कुणाच्या घरी आहे.